झोपाळ्यावरचा नग

गेली पाच वर्षं माझ्या आजीच्या झोपाळ्यावर एक नग मका खात बसला आहे. वजनाने इतका हलका, की तो बसल्यावर झोपाळा खाली दबायच्या ऐवजी वर तरंगतो. आजी जाऊन तीस वर्षं झाली. झोपाळा कुठल्याशा जुन्या बाजारात गेला. वाडा पाडून खाली दुकानं आणि वर फ्लॅट झाले. नग मात्र हलायला तयार नाही. त्याला तिथे मीच बसवलाय, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

वयाच्या ४६व्या वर्षी मी बँकेतली अधिकारीपदाची अंतर्गत परीक्षा दिली आणि साडेतीन गुणांनी राहिले. बावीस वर्षं काउंटरवर काढलेली बाई मी. सही खरी की कुणी गिरवलेली, हे चेक हातात आल्या आल्या कळतं. पण प्रश्नपत्रिकेत विचारलेलं की चेकच्या कायद्याचं अमुक कलम कशाबद्दल, आणि खाली चार पर्याय. चारही ओळखीचे वाटले. ती ओळखच नडली. तीन महिने पुस्तक वाचलं होतं, पिवळ्या हायलायटरने रंगवलं होतं. शेवटी शेवटी न रंगवलेल्या ओळीच उठून दिसायला लागल्या होत्या.

निकाल कळल्यावर तोंडातून निघालं, "औट गुणांनी गेले." शेजारच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, "आऊट?" त्याला काय सांगणार. औट म्हणजे साडेतीन. आमचे आजोबा गायकवाडांच्या खानगी खात्यात कारकून होते, आणि त्यांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे सगळे पाढे पाठ. साडेतीन आणे वाराचं कापड सात वार घेतलं, तर साडेचोवीस आणे, म्हणजे दीड रुपया अर्धा आणा, हे दुकानदाराच्या आधी आजोबांच्या तोंडून निघायचं. मी कॅल्क्युलेटरच्या पिढीची. पावकीच्या पुढे गेले नाही.

पुण्याला ताईचा मुलगा तेव्हा मेडिकलला होता. त्याने फोनवर माझी कहाणी ऐकून घेतली आणि डॉक्टर लोक बोलतात तशा सुरात म्हणाला, "मावशी, तू वाचतेस हाच प्रॉब्लेम आहे. मेमरी पॅलेस कर. मनातल्या घरात जागोजागी गोष्टी मांडायच्या आणि फिरत फिरत आठवायच्या."

बडोद्याच्या माणसाला पॅलेस म्हटलं की एकच दिसतो. १८९० साली पुरा झालेला लक्ष्मीविलास. मी तिथे आयुष्यात तीनदा तिकीट काढून गेलेली. तिथे एखादं कलम ठेवलं, तर पुन्हा हाती लागायला दिवाणजींनाच बोलवावं लागेल. भाचा म्हणाला, "राजवाडा नको गं. जिथे लाइट गेले तरी तुला चालता येईल असं घर घे." मी आमच्या मांजलपूरच्या फ्लॅटचा विचार केला. तीन खोल्या, चार पांढऱ्या भिंती, सगळीकडे सारख्याच टाइल्स. काही लटकवायला खुंटीसुद्धा नाही. आणि मग दांडिया बाजारच्या गल्लीतला आजीचा वाडा आठवला. मुद्दाम आठवावा लागला नाही. ओटा, दार, चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर. पाय आपोआप चालायला लागले.

या युक्तीची जन्मकथा जरा भीषण आहे. सिमोनिदीस नावाचा ग्रीक कवी स्कोपास नावाच्या एका धनिकाच्या मेजवानीत कविता म्हणायला गेला होता. कुणीतरी भेटायला आलंय असा निरोप आला म्हणून तो बाहेर पडला, आणि मागे दिवाणखान्याचं छत कोसळलं. आतली माणसं अशी चिरडली की नातेवाइकांनाही प्रेतं ओळखता येईनात. सिमोनिदीसने डोळे मिटले, कोण कुठे बसलं होतं ते त्याला दिसलं आणि जागेवरून त्याने एकेकाची ओळख पटवली. ही गोष्ट पुढे रोमच्या सिसरोने सांगितली. मी बँकवाली असल्यामुळे मला ती इतिहासातली पहिली केवायसी वाटते.

रोमन काळातलंच एक लॅटिन पुस्तक आहे, लेखकाचं नाव कुणालाच माहीत नाही. त्यात बजावलंय की साध्यासुध्या गोष्टी मनात राहत नाहीत, म्हणून चित्रं विचित्र करा. हास्यास्पद करा, रक्ताने माखवा, डोक्यावर मुकुट घाला. जागा फार अंधाऱ्या नकोत, फार उजेडाच्याही नकोत. दोन जागांमध्ये साधारण तीस फूट अंतर असावं. हे वाचून मला हसू आलं. दांडिया बाजारात तीस फुटांत अख्खं बिऱ्हाड बसतं.

पण युक्ती चालते, याला आता पुरावा आहे. २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी आधी कधी असलं काही केलेलं नाही अशा माणसांना सहा आठवडे, रोज अर्धा तास हे शिकवलं. आधी ७२ शब्दांच्या यादीतले सरासरी २६ आठवत होते, नंतर ६२. मेंदूच्या ज्या भागात नव्या आठवणी बांधल्या जातात, तोच भाग आपण कुठे आहोत याचाही हिशेब ठेवतो. विशिष्ट जागी आल्यावरच पेटणाऱ्या पेशी १९७१ साली उंदरांत सापडल्या आणि त्यासाठी जॉन ओकीफ यांना २०१४ सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आजीचा वाडा आणि चेकचा कायदा माझ्या डोक्यात एकाच आळीत राहतात म्हणायचं.

अडलं ते आकड्यांपाशी. ओट्यावर माणूस उभा करता येतो, पण १३८ कसा उभा करणार?

इथे आमच्या शाखेतल्या तमिळ मॅडम मदतीला आल्या. लहानपणी त्या कर्नाटक संगीत शिकल्या होत्या. दुपारी दहीभाताचा डबा उघडून बसल्या की गुणगुणायच्या. माझं रडगाणं ऐकून म्हणाल्या, "कटपयादी करो ना." आमचं दोघींचं बोलणं हिंदीत, मध्ये मध्ये गुजराती. त्यांच्याकडे ७२ मेळ, म्हणजे मूळ राग आहेत आणि रागाच्या नावातल्या पहिल्या दोन अक्षरांतच त्याचा नंबर लपवलेला. धीरशंकराभरण. ध म्हणजे नऊ, र म्हणजे दोन, आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे, झाले २९. मेचकल्याणी, म पाच, च सहा, म्हणजे ६५. आपला यमन तो त्यांची कल्याणी, एवढं मला माहीत होतं. पण तिच्या कपाळावर नंबर लिहिलाय हे माहीत नव्हतं.

किल्ली अगदी साधी आहे. क पासून झ पर्यंत एक ते नऊ, ञ शून्य. ट पासून ध पर्यंत पुन्हा एक ते नऊ, न शून्य. प ते म एक ते पाच. य ते ह एक ते आठ. काना, मात्रा, वेलांटीला किंमत नाही. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं. क, ट, प, य हे चारही एक, म्हणून कटपय. महाभारताचं जुनं नाव जय, त्यात ज आठ, य एक, उलटं वाचलं की १८. पर्वंही अठराच. मॅडमनी हे डब्याच्या झाकणावर बोटाने लिहून दाखवलं आणि मी त्या दिवशी अर्धा तास उशिरा काउंटर उघडला. (बाहेर एक काका ओरडत होते, "बेन, मारो चेक पास थयो?")

त्या रात्री मी झोपले नाही. कलम १३८, चेक न वटल्याचा गुन्हा. उलटं केलं की आठ, तीन, एक. ह, ल, क. हलका! खातं हलकं, म्हणूनच तर चेक परत येतो. मी अंथरुणात उठून बसले. नवरा म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, "हलका झाला." तो कूस बदलून झोपला.

मग वेडच लागलं. कलम १२३, चेकवर मारलेल्या दोन आडव्या रेघा. तीन, दोन, एक. ब, र, क. बारका. रेघा बारक्याच असतात! कलम १३१, दुसऱ्याचा चेक वसूल करून देणाऱ्या बँकेला मिळणारं संरक्षण. एक, तीन, एक. कडक. कलम ८५, पैसे देणाऱ्या बँकेचं संरक्षण. पाच, आठ. शह. कलम १०, रीतसर अदायगी, म्हणजे बँकेने सरळ मनाने, निष्काळजीपणा न करता पैसे देणं. शून्य, एक. नाक. नाकासमोर चालणं याला दुसरा शब्द कुठला? आणि कलम ३१. खात्यात पैसे असूनही बँकेने चेक परत केला, तर ग्राहकाला नुकसानभरपाई. एक, तीन. पाल. आमच्या मराठीत पाल चुकचुकते ती फुकट नाही.

हे सगळं इतकं जुळत गेलं की कायदा १८८१ साली इंग्रजांनी केला की माझ्या आजीने, अशी शंका यावी. अर्थात यात जादू काही नाही. एका आकड्याला दोन ते चार अक्षरं उपलब्ध असतात, त्यात स्वर मोकळे, धुंडाळलं की काहीतरी हाती लागतंच. पण धुंडाळण्यातच निम्मं काम होऊन गेलं. बारका हा शब्द मला कुणी आयता दिला असता, तर तो तिसऱ्या दिवशी विसरले असते.

मग भरला वाडा.

ओट्याच्या पायऱ्या चढतोय एक लांब नाकाचा बँकवाला, इकडे बघत नाही की तिकडे, आणि पुढच्या दारावर त्याचं नाक आपटतं. ते दहावं कलम. दार बंद. वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन बारक्या काठ्या तिरक्या ठोकल्यात आणि आतून आजी ओरडतेय, "पुढल्या दारी काही मिळायचं नाही, मागल्या दाराने या!" क्रॉस केलेल्या चेकचे पैसे काउंटरवर हातात देत नाहीत, खात्यातूनच जातात. ते १२३. चौक ओलांडून ओसरी. ओसरीत झोपाळा आणि झोपाळ्यावर तो. हलका. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची. तीसचं झालं शून्य, तीन, न आणि ग. नग! नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला पंधरा दिवस. पाच, एक. मका. तर हलका नग मका खात बसलाय. दाणे आजीच्या सारवलेल्या ओसरीवर सांडतोय. त्याने पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात तक्रार, म्हणून त्याच्या पायाला झोपाळ्याची कडी अडकवून ठेवलीये. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

माजघरात आजोबांचा बुद्धिबळाचा पट, तिथे शह. भिंतीवर पाल. स्वयंपाकघरात वसुलीचा माणूस कडक चहा पितोय आणि कप दोनदा विसळून घेतोय, कारण निष्काळजीपणा केला तर संरक्षण गेलं. वाडा भरल्यावर मी गल्लीत आले. बुडीत कर्जदाराला द्यायच्या नोटिशीची मुदत ६० दिवस, म्हणजे न आणि च. नाच. तो कर्जदार सूरसागरच्या काठावर नाचतोय. पहिल्यांदा त्याला तिथे ठेवलं तेव्हा लक्षात आलं की माझ्या सूरसागरच्या मधोमध महादेवच नाही. आता १११ फुटांची मूर्ती आहे, रोज ऑफिसला जाताना दिसते, पण ती माझ्या लहानपणानंतर आली. डोळे मिटले की तळं मोकळं.

देवघरात काही ठेवलं नाही. आजीचं सोवळं कडक होतं. न वटलेला चेक घेऊन तिच्या देवघरात जायला माझं मन धजेना.

चित्रं करून भागत नाही, हे मात्र भाच्याने सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यातच दोन खोल्या रिकाम्या झाल्या. कुणीतरी होतं इथे, पण कोण? तेव्हा मला एबिंगहाउस भेटला. जर्मन माणूस, १८८५ सालचा. याने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, स्वतःच विसरला आणि पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले ते मोजलं. म्हणजे हा गृहस्थ स्मृती बचतीत मोजायचा. आमच्या धंद्यातलाच! बचत खात्याची स्थिती अशी: वीस मिनिटांनी ५८ टक्के, तासाभराने ४४, दिवसाने ३४. पण सहा दिवसांनी २५ आणि महिन्याने २१. पैसा जातो तो पहिल्या तासात. पुढे फारसा जात नाही. म्हणून फेरी लवकर मारायची आणि मग हळूहळू लांबवायची. मी त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी अशी वाड्यात चक्कर मारायला लागले. बहुतेक वेळा सिग्नलला, ॲक्टिव्हावर. एकदा ओसरीपर्यंत पोचले होते आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून थकला.

आणि फेरी मारायची ती पुस्तक मिटून. हे तर मला माहीत असायला हवं होतं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने वाचणारे ४२ वर आले आणि लिहिणारे ५६ वर. माझं पिवळं पुस्तक मला पाच मिनिटं हुशार वाटवत होतं, ते हे.

आजीला यातलं काहीच नवं वाटलं नसतं. तिचा जन्म १९१२चा. सयाजीरावांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं, म्हणून ती चौथीपर्यंत शाळेत गेली, नाहीतर गेली नसती. दिवेलागणीला आम्हा नातवंडांना ओसरीत ओळीने बसवायची. शुभंकरोति, मग पाढे, मग मनाचे श्लोक. परवचा. पुस्तक हाताला लावू द्यायची नाही. "वाचतेस काय, म्हणून दाखव." अडलं की सांगायची नाही, नुसती झोपाळ्याला पायाने रेटा द्यायची. कडी करकरायची आणि त्या करकरण्यात आपण घाम फुटेपर्यंत शब्द शोधायचा. सापडला की तो कायमचा.

श्लोक सापडायचे लवकर, कारण चाल धरून ठेवायची. शाळेत नंतर आम्हाला यमाताराजभानसलगम् शिकवलं. दहा अक्षरांचा मंत्र, अर्थ शून्य. पण य वर बोट ठेवा आणि तिथून तीन अक्षरं म्हणा, यमाता, लघु-गुरु-गुरु. हा य गण. म वर बोट ठेवा, मातारा, तिन्ही गुरु, हा म गण. नसल, तिन्ही लघु, हा न. आठही गण त्या एका शब्दात एकमेकांच्या पोटात बसवलेत. शेवटचे ल आणि ग म्हणजे लघु आणि गुरु. ज्याने कुणी हे रचलं, त्याला मी दंडवत घालते. मनाचे श्लोक चार य गणांचे, भुजंगप्रयात. ‘मना सज्जना’च्या जागी ‘मना सज्जन’ म्हणून बघा, ओळ लगेच लंगडते. आजीला भुजंगप्रयात हे नावही माहीत नसेल, पण लंगडलेली ओळ तिला स्वयंपाकघरातून ऐकू यायची.

आजकाल घोकंपट्टी ही शिवी झाली आहे. मीही बऱ्याचदा दिली. अर्थ न कळता घोकणं वाईटच. पण परवचा म्हणजे घोकणं नव्हतं. दिवसाआड, न बघता, वेगवेगळ्या जागेवरून उचलून विचारणं होतं. आजी सतराचा पाढा मधूनच विचारायची, "सतरा आठे?" सगळा पाढा सुरुवातीपासून पुटपुटून तिथवर पोचणाऱ्याला झोपाळ्यावर जागा नाही.

अभ्यासाला मी रविवारी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जायचे. १९१० साली महाराजांनी त्यासाठी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले. आतली लोखंडी फडताळं मजल्यावर मजला चढत जातात आणि मधल्या जमिनी जाड काचेच्या, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा. लहानपणी त्या काचेवर पाय ठेवायची भीती वाटायची. तिथल्या एका जुन्या कर्मचाऱ्याने एकदा सांगितलं की पुस्तक चोरीला गेलं तर परवडतं, चुकीच्या फळीवर ठेवलं गेलं तर जास्त त्रास. ते इमारतीतच असतं आणि मिळत नाही. पहिल्या परीक्षेत माझं हेच झालं होतं. कलम ८५ डोक्यात होतं. पत्ता नव्हता.

दुसऱ्या वेळी पास झाले. किती गुणांनी ते सांगत नाही, पण औटापेक्षा बरेच जास्त. शाखेत सेव उसळ मागवली, मॅडमनी पावाशिवाय खाल्ली.

आणि इथे गोष्ट संपायला हवी होती. पण परीक्षा झाली तरी वाडा रिकामा होईना. आजीच्या तिथीला घास ठेवताना डोळे मिटले, आजीला झोपाळ्यावर बघायला गेले, तर तिथे हा मका खात बसलेला. आजी दारामागून क्रॉस चेकबद्दल ओरडतेय. माझी आजी! तिने आयुष्यात बँकेचं तोंड पाहिलं नाही. मी तिच्या तोंडी घातलेलं वाक्य आता तिच्याच आवाजात ऐकू येतं, आणि तिने खरोखर काय काय म्हटलं होतं त्यात ते मिसळून गेलंय. कुणाला सांगायची सोय नाही. मूर्खपणा वाटतो. मी नगाला हलवायचा प्रयत्न केला. स्टेशनवर नेऊन एक नंबर फलाटावर बसवला. दोन दिवस बसला, तिसऱ्या दिवशी झोपाळ्यावर परत.

मागच्या महिन्यात मामेबहिणीच्या मुलीने, आर्किटेक्चरला आहे ती, वाड्याचा नकाशा काढायला घेतला. घरात कुणाकडे कागद नाहीत, जुने फोटो दोन-तीन. तिने आम्हा सगळ्यांना फोनवर एकत्र घेतलं आणि विचारायला लागली. मामाला माडी आठवत होती, बाकी फार काही नाही. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तिचंही अडखळत चाललेलं. मी मात्र सुटले. उंबऱ्याच्या उजव्या टोकाला एक खिळा वर आलेला होता. झोपाळ्याच्या कड्या पितळी, पण डावीकडची खालची लोखंडी, बदललेली. माजघराच्या भिंतीला तुळईखाली तडा, त्यातूनच पाल यायची. स्वयंपाकघरात कपांची फळी खिडकीच्या वर नाही, बाजूला. "तुला हे कसं गं आठवतं?" मामा म्हणाला. मी काय सांगणार, की त्या खिळ्याला नाकवाला रोज ठेचकाळतो आणि त्या लोखंडी कडीत एका आरोपीचा पाय अडकलाय.

एक चूक निघाली. मी ओट्याला पाच पायऱ्या सांगितल्या. ताई म्हणाली चार. फोटोत मोजल्या, चारच. पाचवी माझी. रीतसर अदायगीच्या व्याख्येचे मी पाच तुकडे केले होते, पायरीला एक. कमी पडली तेव्हा बांधली असणार.

मग ती मुलगी म्हणाली, "मावशी, आता देवघर."

मी आत गेले आणि काही नव्हतं. दार कुठे होतं ते माहीत. समईचा वास, उदबत्तीचा वास होता. पण देव्हारा पूर्वेला की उत्तरेला? जमीन सारवलेली की फरशी? भिंतीचा रंग? मी उभी राहिले तशी उभी. जिथे नको त्या माणसांना रोज फिरवलं त्या खोल्या लख्ख होत्या, आणि जी जपून, बंद करून ठेवली तिचं धुकं झालं होतं. ताईला थोडंफार आठवलं, मामाला घंटा आठवली. मुलीने नकाशात तिथे नुसता चौकोन काढला आणि आत प्रश्नचिन्ह.

त्या रविवारपासून मी आठवड्याची बाजाराची यादी देवघरात ठेवते. आजी रागावेल, पण निदान ती आत येईल. या आठवड्यात दाराशी लिंबं आहेत, पाटावर गुळाची ढेप, समईला लीला चिवड्याची पुडी टांगली आहे. खंडेराव मार्केटात भाजी घेताना डोळे अर्धवट मिटून आत शिरते. परवा गूळ कुठे ठेवावा म्हणून बघत होते, तेव्हा कपाळाला काहीतरी लागल्यासारखं झालं. चौकट ठेंगणी होती. आत जाताना वाकावं लागायचं. आणि वाकल्यावर डाव्या हाताला, गुडघ्याच्या उंचीवर, एक कोनाडा, त्यात काड्यापेटी.

ताईला लगेच फोन लावला. ती म्हणते, कोनाडा तिथे नव्हताच.